मी बुडवलेला जिल्हा

यावर कोणीही विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. चौदाव्या वर्षी, शाळेच्या मधल्या सुट्टीत, मी एकट्याने आपल्या देशाचा एक अख्खा जिल्हा समुद्रात बुडवला. माणसं, मिठागरं, रेल्वे स्टेशन, पोस्ट ऑफिस, सगळ्यासकट. हातात एक ब्रश आणि अर्धा डबा निळा रंग, बस.

ही हकीकत मी गेल्या गुरुवारी नववीतल्या दोन पोरांना सांगितली. खरं म्हणजे ती माझ्याकडे आलीच नव्हती, आणि दुखणं तिथेच आहे. दारात एक वहीवाली मुलगी उभी, तिच्यामागे जाड चष्म्याचा मुलगा. मुलगी म्हणाली, "आजी आहेत का? जमीन मोजणी खात्यात होत्या त्या? आम्हाला शाळेचा प्रकल्प आहे, 'जबाबदार नागरिकाची मुलाखत'."

आजी म्हणजे माझी थोरली बहीण, ताई. मी मनात म्हटलं, बरोबरच आहे. मी काय, भिंतीवरची पाल! पन्नास वर्षं या गावातल्या पाट्या मी रंगवल्या. दवाखाना कुठे, दाढी कुठे, शिलाई कुठे, हे लोकांना कळतं ते माझ्या जिवावर. 'येथे थुंकू नये' तर मी तीनशे भिंतींवर लिहिलंय. याहून जबाबदार नागरिक तुम्हाला कुठे मिळणार? पण मुलाखत ताईची! तिने काय केलं? साखळी ओढत रानोमाळ फिरली आणि लोकांचे बांध इंच इंच मोजून भांडणं मिटवली. खात्यात तिच्याआधी कुणी बाई नव्हती म्हणे. त्याचं एक पदक तिच्या कपाटात आहे. माझ्या कपाटात टर्पेंटाईनची बाटली आहे.

"आहे ना," मी म्हटलं, "पण तिला ऐकू येत नाही."

ताई खिडकीपाशी मटार सोलत बसली होती. दाणे स्टीलच्या वाडग्यात टप टप पडत होते. तिच्या कानाच्या यंत्राची डबी वरच्या फळीवर होती. मी बोटाने डबी दाखवली. पोरांचे चेहरे पडले.

"यंत्र घातलं की तिचं डोकं दुखतं," मी म्हटलं. "तुम्ही बसा. नागरिकच हवाय ना? हा काय समोर आहे."

चष्मेवाला अजून दारावरची आमची पाटी न्याहाळत होता. "आजोबा, या अक्षरांना शेवटी अशी शेपटी का आहे? हुकासारखी?"

"ती माझी सही समज. रेघ संपली तरी माझा हात थांबत नाही, जरा वळतोच. लहानपणापासूनचं आहे. गावात जिथे शेपटी दिसेल तिथे मी."

"म्हणजे ब्रश उचलायला उशीर होतो," वहीवाली म्हणाली.

पोरगी आगाऊ होती. मला ताईची आठवण झाली, आणि ताई समोरच बसलेली असताना तिची आठवण होणं काही बरं नव्हे. मी लगेच सुरुवात केली.

आमच्या शाळेच्या मागे सिमेंटचं मोठं पटांगण होतं. दरवर्षी राष्ट्रीय दिनाच्या आधी आठवीच्या वर्गाने त्यावर देशाचा नकाशा रंगवायचा, तीस पावलं लांब, वीस पावलं रुंद. चित्रकलेचे मास्तर छोट्या नकाशावर पेन्सिलीने चौकोनी घरं आखायचे. मग आम्ही गेरूत बुडवलेली दोरी पटांगणावर ताणायची आणि मधोमध चिमटीत धरून सोडायची. फट्! लाल रेघ. अशा रेघा उभ्या, अशा आडव्या, की झाली मोठी घरं. छोट्या घरात जे आहे ते मोठ्या घरात काढायचं. भानगड एकच. मोजताना एखादं घर सुटलं की देशाचा एक तुकडा गायब. त्याला मास्तर 'घर चुकणं' म्हणायचे, आणि ज्याचं घर चुकेल त्याचा कान लाल व्हायचा.

सगळ्यात मानाचं काम सीमेचं. दोन बोटं रुंद ब्रश, गडद तपकिरी रंग, आणि देशाची सगळी कड एका हाताने ओढायची. ज्याने सीमा ओढली तोच राष्ट्रीय दिनाला नकाशाच्या मधोमध उभा राहून माईकवर नागरिकाची शपथ सांगणार. अख्खी शाळा, पालक, पाहुणे त्याच्या मागून म्हणणार. आणि सीमा कुणी ओढायची? मुलांनी. मुली पटांगण झाडायच्या आणि ब्रश धुवायच्या. असं कुणी लिहून ठेवलं नव्हतं. तसं चालत आलं होतं, एवढंच.

"असं का?" वहीवालीने पेन थांबवलं.

"असं का, हे तेव्हा कुणी विचारत नव्हतं. तू विचारतेयस, म्हणजे साठ वर्षांत काहीतरी पुढे सरकलंय. लिही."

ताई माझ्याहून अकरा महिन्यांनी मोठी, पण आम्ही एकाच वर्गात. मी तान्हा असल्यापासून आई कामाला जायची. पुढे मला सांभाळायला घरी कुणीतरी हवं, म्हणून ताईला वर्षभर शाळेत घातलंच नाही. नंतर दोघांना एकदम घातलं. मी तिला म्हणायचो, "माझ्यामुळे तुला वर्गात ओळखीचं कोणीतरी मिळालं." ती नुसती माझ्याकडे बघायची.

त्या वर्षी सीमा माझीच, हे ठरल्यासारखं होतं. चित्रकलेत माझा पहिला नंबर. घरी आरशासमोर उभा राहून मी शपथ पाठसुद्धा केली होती. तरीही मास्तरांनी चाचणी घेतली. डाव्या तळहातावर काठोकाठ भरलेली पाण्याची वाटी, उजव्या हाताने एका घरातली वळणदार रेघ. पाणी सांडलं की बाद. एकेक मुलगा आला, वाटी हिंदकळली, रेघ गोगलगाय चालल्यासारखी. माझं पाणी फक्त तीन थेंब सांडलं. मास्तर मान डोलावणार, इतक्यात मागून, ब्रश धुवायच्या बादलीजवळून आवाज आला. "श्वास रोखून ओढताय म्हणून हलतंय. श्वास सोडत ओढा ना."

ताई! हात कोपरापर्यंत रंगाच्या पाण्यात.

मुलं हसली. मास्तर नाही हसले. म्हणाले, "ये, दाखव."

ती आली. हात फ्रॉकला पुसले, वाटी घेतली, हळूच श्वास सोडला आणि रेघ ओढली. पाणी हललंसुद्धा नाही. आता हे तुम्ही मानणार नाही, पण त्या वाटीच्या काठावर एक माशी बसली होती, ती झोपी गेली. मास्तरांनी वाकून रेघ पाहिली आणि दोन बोटांचा ब्रश तिच्या हातात दिला.

"आणि तुम्ही?" चष्मेवाल्याने विचारलं.

"मला समुद्र मिळाला."

समुद्र म्हणजे काय, तर मोठा कुंचला, निळ्या रंगाचा डबा, आणि ती ओढेल त्या रेघेपर्यंत नुसतं भरत जायचं. तिथे कसब लागत नाही, कंबर लागते. मित्र येता-जाता म्हणायचे, "काय रे, बहिणीपुढे पाणी भरतोयस?" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी मान वर करून बघायचो तर ती उकिडवी बसून, जीभ ओठाच्या कोपऱ्यात, खाडी न् खाडी, टोक न् टोक ओढत पुढे सरकतेय. चुकली तर बरं, असं वाटायचं. ती चुकायची नाही. रेघ इतकी सुंदर यायची की मला रडू यायचं. चांगली रेघ मला कळते हो! तेच तर वाईट होतं. न कळणारा असतो तर सुखात राहिलो असतो.

घरी वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "असू दे रे. मुलीचा हात तो. आज ना उद्या थरथरेल." मला केवढा धीर आला! तर आई आतून ओरडली, "तुमच्या शर्टाची बटणं कुणाच्या हाताने लागलीत? थरथरला का तो कधी?" वडिलांनी शर्टाकडे पाहिलं आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. माझा धीर गेला.

त्या दिवसापासून मला ताईचं सगळं खुपायला लागलं. तिची वेणी माझ्या वेणीपेक्षा लांब. मला वेणी नव्हती, तरी खुपायचं. मास्तर तिला 'शाब्बास' म्हणाले की मी मोजायचो. सोमवारी चार, मंगळवारी सहा. मला दोन दिवसांत एक, आणि तोही डबा उचलून ठेवल्याबद्दल.

आपल्या देशाच्या खालच्या अंगाला, समुद्रात घुसलेला, एक आखूड जिल्हा आहे. हाताच्या अंगठ्यासारखा दिसतो, म्हणून आम्ही त्याला अंगठाच म्हणायचो. सगळी मिठागरांची माणसं. बुधवारी मधली सुट्टी झाली, पोरं डबे घेऊन झाडाखाली गेली. ताई हात धुवायला गेली. तिचा ब्रश तिथेच, बरणीत. समोर अंगठा, नुकताच ओढलेला, हुबेहूब. एकाच दमात काढला होता तिने.

मला काय झालं, सांगता येत नाही. मी मोठा कुंचला निळ्यात बुडवला आणि अंगठ्यावरून फिरवला. तीन वेळा. खालची तपकिरी रेघ दिसेनाशी झाली. मग तिचा ब्रश घेऊन जिथून अंगठा फुटत होता तिथे सरळ रेघ मारली. एवढंच. बघणाऱ्याला वाटावं, हिचं घर चुकलं, अंगठा काढायचाच राहिला. हात पुसले आणि झाडाखाली जाऊन डबा उघडला. काय खाल्लं, आठवत नाही. गिळलं मात्र सगळं.

वाडग्यात मटार टप टप पडत होते. ताईची मान खाली होती. मी जरा पुढे सरकून बसलो.

सुट्टीनंतर मास्तर घरं मोजत आले. अंगठ्यापाशी थांबले. छोटा नकाशा बघितला, जमीन बघितली. "घर चुकलं," ते म्हणाले. ताई म्हणाली, "मी काढला होता अंगठा." मास्तर म्हणाले, "मग गेला कुठे? बुडाला?" सगळी मुलं खो खो हसली. ताई पुन्हा म्हणाली, "मी काढला होता." मागून कुणीतरी ओरडलं, "मुलीला सीमा दिली की देश असाच लहान होणार!" मास्तरांनी तिच्या हातातून ब्रश घेतला. कान नाही धरला तिचा. तेवढं वाईट त्यांनाही वाटलं असावं. पण ब्रश घेतला आणि म्हणाले, "चूक माझीच. रीत मोडायला नको होती." आणि ब्रश मला दिला. "अंगठा तू दुरुस्त कर. शपथही तूच सांग."

"तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?" वहीवाली तडकून म्हणाली.

"अगं, सांगतो ना. घाई काय आहे? आधी पूर येऊ दे."

कारण दुसऱ्या दिवशी पूर आला. आमच्या पटांगणावर नव्हे, तिकडे अंगठ्यात! नकाशातून गेलं की जगातून जातं, हे तेव्हा मला कुठे माहीत? सकाळी पोस्टमन आला तो पाणी निथळत. अंगठ्याहून आलेली सगळी पत्रं ओली. त्याने ती चौकात दोरीला वाळत घातली, आणि अख्ख्या गावाने एकमेकांची पत्रं वाचली. तीन सोयरिकी तिथल्या तिथे मोडल्या. दहाच्या गाडीच्या डब्यात बाकांवर मासे बसून आले. तिकीट तपासनीस आमच्या ओळखीचा. तो म्हणाला, "दोघांकडे तिकीट होतं, त्यांना सोडलं. बाकीच्यांना उतरवलं."

"माशांकडे तिकीट?" चष्मेवाला.

"रेल्वेत शिस्त होती तेव्हा."

मग मिठाचा तुटवडा पडला. मिठागरंच पाण्यात! देशभर जेवण अळणी. नवरे म्हणायचे मीठ नाही, बायका म्हणायच्या तुम्ही करून बघा, आणि खरंच कितीतरी नवऱ्यांनी त्या तीन दिवसांत पहिल्यांदा चूल बघितली. तेवढा एक फायदा झाला. आणि शुक्रवारी शाळेच्या फाटकात एक म्हातारी आली, मिठागरातली. डोक्यावर पत्र्याची ट्रंक, कपडे चिंब. तिने शिपायाला विचारलं, "समुद्र कोण रंगवतं इथे?" मी पाण्याच्या टाकीमागे. शिपाई म्हणाला, "समुद्राचा नाही हो दोष. सीमा एका मुलीने काढली होती, तिचं चुकलं." म्हातारीने ट्रंक खाली ठेवली. म्हणाली, "मुलीचं? साठ वर्षं आम्ही बायका मिठाचे वाफे आखतोय. एक वाफा चुकला तर वर्षाचं मीठ जातं. एकही चुकला नाही. तुम्ही नीट बघा, पाणी कुणी सोडलं ते." आणि टाकीकडे बघून ती ट्रंकेवर बसून राहिली. दिवसभर!

"तुम्ही टाकीमागे दिवसभर?" वहीवाली.

"तहान मात्र लागली नाही."

आणि आला राष्ट्रीय दिन. पटांगण माणसांनी गच्च. नकाशा रंगांनी चमकतोय. मी इस्त्रीचा शर्ट घालून देशाच्या मधोमध उभा, समोर माईक. ताई मुलींच्या रांगेत, शेवटून दुसरी, हात मागे बांधलेले. मी तिच्याकडे न बघायचं ठरवलं होतं. शपथ सुरू केली. 'मी या देशाचा नागरिक आहे.' हजार माणसं माझ्यामागून म्हणाली. 'हा देश जितका माझा, तितकाच दुसऱ्याचा.' हजार माणसं म्हणाली. 'बाई असो वा पुरुष, मी कुणाला कमी लेखणार नाही. दुसऱ्याचं हिरावून घेणार नाही.' आणि इथे मी अडकलो.

सांगता सांगता मी आवाज खाली आणला. पोरं पुढे झुकली. या ठिकाणी सगळेच पुढे झुकतात. ही हकीकत मी शंभरदा सांगितली आहे, न्हाव्याच्या दुकानात, लग्नाच्या मांडवात, एकदा तर दवाखान्यात सलाईन चालू असताना.

पुढचं वाक्य होतं, 'मी खरं बोलेन.' ते काही तोंडातून निघेना. हजार माणसं थांबलेली. मग मी उजवा हात वर केला आणि माईकवर, अख्ख्या शाळेसमोर म्हणालो, "थांबा! घर ताईचं चुकलं नाही. अंगठा मी बुडवला. माझ्या पोटात दुखत होतं म्हणून बुडवला. शपथ ताई सांगेल." मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी ताईला हाताला धरून मध्ये आणलं. मग आम्ही भावंडांनी मिळून तिथल्या तिथे निळा रंग खरवडला, आणि जसजसा अंगठा वर येत गेला तसतसं तिकडचं पाणी—

टप टप थांबली होती. कधी थांबली, माझ्या लक्षातच आलं नाही.

"खोटं," ताई म्हणाली.

मी फळीकडे पाहिलं. चष्मेवाला माझ्याआधी उठला होता. त्याने डबी उघडली. रिकामी.

"सकाळपासून घालून बसलेय," ताई म्हणाली. "पोरं येणार म्हणून शाळेतून निरोप आला होता. मासे तिकीट काढून आले, येऊ देत. म्हातारी टाकीसमोर बसली, बसू दे बिचारीला, मला ती आवडली. पण हात वर केला नाहीस तू, धाकट्या. सगळी शपथ म्हणालास. 'मी खरं बोलेन' तर सगळ्यात मोठ्याने म्हणालास. आवाजही छान लागला होता तुझा."

"अगं ताई, साठ वर्षांपूर्वीचं..."

"बासष्ट. आणि रंग आपण दोघांनी नाही खरवडला. तुला अंगठा काढता येईना, तुझा हात थरथरत होता. राष्ट्रीय दिनाच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर रॉकेलचं फडकं घेऊन मी एकटीने काढला. तुझ्यासाठी नाही. तिथे माणसं राहतात म्हणून."

वहीवालीचं पेन भराभरा चाललं होतं. "आजी, पण हे यांनीच केलं, हे तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दुपारी. त्या सरळ रेघेच्या टोकाला शेपटी होती."

चष्मेवाल्याने दाराकडे मान वळवली. मीही वळवली. पाटी उन्हात चांगली चमकत होती.

"मग तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?" वहीवालीने विचारलं.

"बोलले की," ताईने एक शेंग उचलली. "'मी काढला होता अंगठा' असं तीनदा बोलले. हा दोनदाच सांगतो, तेही खोटं. तीनदा. पण तिथे कानाला यंत्र लावून ऐकायला कुणी बसलं नव्हतं."